माहेर पार्सलने पाठवण्याबाबत

पौड, आषाढ वद्य अष्टमी

सौभाग्यवती गजराबाई हैबतराव जगदाळे, मुक्काम सातारा, यांना पौडहून रत्नाबाईचा वाकून नमस्कार पोचावा. (मुलीची आई म्हणून वाकले आहेच. शिवाय भाताच्या लावणीनं कंबर अशी धरली आहे की सध्या सरळ उभं राहून नमस्कार करणं मला जमतही नाही.) आम्ही इकडे देवाच्या दयेनं खाऊनपिऊन सुखी आहोत. तुमचा दमा कसा आहे? पावसाळी हवेत ओवा टाकून वाफ घेत जा, हयगय करू नका. दारातल्या लिंबाला यंदा फळ धरलं का? तुमच्या तांबड्या गाईनं लाथा मारायचं सोडलं का? जावईबापूंच्या कचेरीत नवा साहेब आला असं कळलं, तो तरी बऱ्या स्वभावाचा आहे ना? सगळं सविस्तर कळवावं. तुमचे यजमान आणि तुमची सून यांची खुशाली मात्र मी विचारत नाही. ती दोघं पार्सल सोडवायला म्हणून पौडला आली आणि अजून परत का आली नाहीत, याचा तुम्हाला घोर लागला असेल. तोच दूर करायला आज लावणी सोडून बसले आहे.

ज्येष्ठात तुमचं पत्र आलं, ते मी देवघरात ठेवलं आहे. (पूजेला नव्हे, पुराव्याला.) तुम्ही लिहिलं होतं की पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत खरी, पण पौडचा रस्ता म्हणजे नुसती आदळआपट, मध्ये ओढे, आणि साताऱ्यात दवाखाना हाकेवर आहे, तेव्हा सुनंदा कुठं जायची नाही. तिला माहेरचं जे काही हवं असेल ते पार्सलनं पाठवून द्यावं, हल्ली पार्सलनं सगळं जातं. (सुनंदा म्हणजे आमची सखू. लग्नात तुम्ही नाव बदललंत, पण माझ्या जिभेला अजून त्याची सवय नाही. मी सखू लिहीन तिथं तुम्ही सुनंदा वाचावं.) आता मी स्वतः यावं म्हटलं, तर आमच्यातली रीत तुम्हाला पक्की ठाऊक आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या सासरचं पाणीसुद्धा तोंडात घ्यायचं नाही. मागे दिवाळीनंतर मी एकदा येऊन गेले, तुमच्या दारात बसून लेकीला डोळे भरून पाहिलं आणि कोरड्या घशानं परत फिरले, तर मोटारीत घेरी येऊन एका अनोळखी गृहस्थाच्या मांडीवर पडले. त्यांच्या मांडीवर अंड्यांची करंडी होती. ते काय काय बोलले ते लिहीत नाही.

तर तुमचं पत्र वाचून मी रडले. खोटं कशाला सांगू? एकुलती एक लेक, तिचं पहिलं बाळंतपण, आणि तिच्या डोक्याला तेल लावायला मी नाही, या विचारानं भाकरी थापता थापता पिठात टिपं पडली. आमचे हे म्हणाले, जाऊ दे, मोठी माणसं आहेत, त्यांचंही बरोबर असेल. (यांना जगात सगळ्यांचं बरोबर वाटतं, फक्त माझं सोडून.) मी डोळे पुसले आणि म्हटलं, ठीक आहे. विहीणबाई पार्सलनं पाठवा म्हणतात ना? मग आपण माहेर पार्सलनं पाठवू. तुमचा शब्द मी खाली पडू दिलेला नाही, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

सखूला पत्र टाकून विचारलं, बाई, डोहाळे कसले लागलेत? उलट टपाली उत्तर आलं, आपल्या शेताखालच्या ओढ्यातले खेकडे. आता हे मात्र खरं की साताऱ्यात तुम्ही तिला काही कमी केलं नाहीत. पेढे दिलेत, डाळिंबं दिलीत. पण डोहाळा काय विचारून लागतो? आणि वेळही थोडा. श्रावण लागला की तुमच्याकडे महिनाभर मटणमच्छीचं नाव काढायचं नाही, आमच्याकडेही नाही, आणि श्रावण संपेपर्यंत सखूला आठवा संपत येणार. म्हणून मी वाडीवरच्या गंगूला सांगितलं. तिनं चांगले काळे, तळहाताएवढे खेकडे धरून आणले, नांग्या गवतानं बांधल्या आणि बजावून गेली, "आक्का, जित्ती हायेत तवर गोड. मेली की टाकून द्याची." म्हणजे जिवंत पाठवणं आलं. मी टोपलीत ओला पाला घातला, त्यात खेकडे, वर पुन्हा पाला, आणि भोवती मांजरपाट असा घट्ट शिवला की माझ्या लग्नातली चोळीसुद्धा इतक्या बारीक टाक्यांची नव्हती. वर लाखेची मोहोर केली. मोहरेला घरात काही सापडेना, म्हणून यांच्या अंगठीचा ठसा मारला. (त्यात यांचं बोट थोडं भाजलं. अंगठी निघत नाही ना हल्ली.)

पोस्टात गर्दी होती. मी पार्सल फळीवर ठेवलं आणि कनवटीचे पैसे काढायला वळले, तेवढ्यात पार्सल आपलं आपण चालू लागलं. आमचे पोस्टमास्तर मोठे सज्जन, पुण्याकडचे, चष्म्याचे. ते पार्सलाकडे पाहत राहिले. पार्सल शाईच्या दौतीपर्यंत गेलं, दौत पाडली आणि उजवीकडे वळलं. तेव्हा ते म्हणाले, "बाई, हे आपल्या पायांनी जाणार असेल तर तिकिटं कशाला चिकटवता?" मग त्यांनी मला नियम समजावून सांगितले. जिवंत प्राणी पार्सलनं जात नाही. मी विचारलं, कुठलाच जात नाही? माणूस प्रामाणिक, म्हणाले की मधमाश्या, रेशमाचे किडे आणि जळवा एवढे चालतात. विहीणबाई, तुम्हीच सांगा! जळू चालते आणि खेकडा चालत नाही! खेकड्यानं आजवर कुणाचं रक्त प्यायलंय? मी हे तिथं मोठ्यानं विचारलं, आणि रांगेतल्या सगळ्यांना पटलं, पण पोस्टमास्तर म्हणाले की नियम त्यांनी केलेला नाही. शाई मात्र मी पुसून दिली.

जिवंत जात नाही तर शिजवून पाठवू, हा दुसरा विचार. (हसू नका. तुम्हीही हाच केला असता.) कालवण केलं, खोबरं-कांदा भाजून, वर कोकमाच्या आगळाचा थेंब, आणि कल्हईवाल्या मौलाकडून रॉकेलच्या नव्याकोऱ्या डब्यात भरून झाकण डाखवून घेतलं. मौला म्हणाला की आता ह्यातून वारासुद्धा जाणार नाही. पोस्टात पातळ जिन्नस चालत नाही, हे तोवर मला कळलं होतं, म्हणून डबा नेला चाँदभाईंकडे. चाँदभाई म्हणजे आमच्या बाजारपेठेतले किराणावाले; मोटारीनं पुण्याला जाणारी पार्सलं त्यांच्या दुकानात जमा होतात. मला ते वहिनी म्हणतात आणि त्यांची जोहराबी माझी मैत्रीण, म्हणून आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. डबा फळीवर ठेवला, आणि त्याच दिवशी भुकूमच्या ओढ्याला असं पाणी आलं की मोटारच बंद. डबा फळीवर बसून राहिला. मौलाचं काम पक्कं, वारा जाईना. पण आतला वारा बाहेर यायला बघत होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. डब्याला आधी पोट आलं. मग एका दुपारी, चाँदभाई जुम्म्याची धुतलेली टोपी घालून निघायच्या बेतात असताना, असा बार झाला की समोरच्या पारावरची माणसं उठून उभी राहिली.

टोपीचं जाऊ द्या, ती मी नवी शिवून दिली. पण तो वास! साखरेच्या पोत्यांना वास, गुळाला वास, पेठेतली मांजरं दुकानापुढून हलेनात. जोहराबीनं मला आत बोलावून पोट धरधरून हसून घेतलं, पण चाँदभाई हसले नाहीत. ते हात जोडून म्हणाले, "वहिनी, तुमी काय बी आणा, आपलं दुकान तुमचंच हाय. पर जित्तं नको, पातळ नको, आन् वास येणारं तर लईच नको." आणि दुसऱ्या दिवशी पाहते तर दुकानातल्या पाटीवर, साबणाच्या भावाखाली, खडूनं लिहिलेलं: रत्नाबाईंचे पार्सल उघडून पाहिल्याशिवाय घेतले जाणार नाही. पेठेत माझं नाव पाटीवर लागलं ते असं.

त्याच आठवड्यात सखूचं दुसरं पत्र आलं. लिहिलं होतं, आई, खेकडे राहू देत, फार खटाटोप करू नकोस. फक्त तुझ्या हातानं एकदा डोक्यावर तेल घालून घ्यावं आणि चुलीपुढं बसून तू थापशील ती भाकरी खावी, असं सारखं मनात येतं. मी ते पत्र घेऊन तशीच पोस्टात गेले आणि पोस्टमास्तरांना विचारलं, तेल जातं का? पातळ, नाही. भाकरी? नासकी, नाही. चूल? त्यांनी वजन विचारलं. मग मी विचारलं, हात जातो का? त्यांनी चष्मा काढला आणि मला बसायला बाकडं दिलं. मी तिथं पुन्हा रडले, विहीणबाई, चार लोकांत. त्या भल्या माणसानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि हळूच म्हणाले की बाई, जे पार्सलनं जात नाही, त्यासाठी घेणाऱ्यालाच यावं लागतं. ते आपले सहज बोलून गेले. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला.

मी गंगूला पुन्हा ओढ्यात उतरवलं. नवी टोपली, नवा पाला, नवा मांजरपाट. टोपली चाँदभाईंच्या पुढ्यात ठेवली, वर नाव घातलं सौ. सुनंदा जगदाळे, सातारा, आणि म्हटलं, पाटीवर लिहिलंय तसं उघडून बघा. त्यांनी टाका उसवला, आत डोकावले आणि झटकन मागं सरले. "वहिनी, ह्ये न्हाई जायचं. म्हंजे न्हाईच." मी म्हटलं, जायचं नाही ना? मग हे अडलं असं म्हणायचं का? ते म्हणाले, "अडलं म्हंजे? कायमचंच अडलं!" झालं. मला एवढंच हवं होतं. ओढ्याचं पाणी उतरून मोटार पुन्हा सुरू झाली होती आणि आमचे हे तांदळाच्या कामाला पुण्याला निघाले होते, त्यांच्याबरोबर तारेचा मजकूर दिला: सुनंदाच्या नावचे माहेरचे पार्सल पौडला अडले. तिने जातीने येऊन सोडवावे. यांनी मजकूर दोनदा वाचला आणि भीत भीत विचारलं, यात खोटं काही नाही ना? मी म्हटलं, एक अक्षर दाखवा.

आता पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण मला कसं कळलं ते सांगते. व्याहीबुवांनी सगळं सांगितलं. (त्यांच्यावर रागावू नका. तोंडात घास असला की ते फार मोकळं बोलतात.) तार वाचून तुम्ही म्हणालात म्हणे, पार्सल अडलंय, तिलाच जातीनं बोलावलंय, म्हणजे नक्की दागिना. पाटल्या असतील. साध्या लुगड्याला कोण अडवतं? आणि तुम्ही स्वतः सखूची पिशवी भरलीत, कंबरेखाली घ्यायला उशी दिलीत, आणि व्याहीबुवांना बजावलंत की पार्सल हातात पडेपर्यंत हलू नका. विहीणबाई, तारेत दागिन्याचं नावसुद्धा नव्हतं. सोनं तुमचं तुम्हीच घातलंत. आणि रागावणार नसाल तर एक विचारते. बाळंतपणाला यायचं म्हटलं की जो रस्ता आदळआपटीचा होता, तो पाटल्या आणायच्या म्हटल्यावर एकदम गुळगुळीत कसा झाला? सखू म्हणते, उशीमुळे काही कळलंच नाही. मग ती उशी ज्येष्ठातच का नाही दिलीत?

मोटार आली तेव्हा निम्मी पेठ चाँदभाईंच्या दुकानापुढं जमली होती. (मी कुणाला बोलावलं नव्हतं. जोहराबीनं बोलावलं.) व्याहीबुवा फेटा सावरत उतरले, मागून माझी सखू. सातवा महिना, तोंडावर असं तेज, मी तिथंच तिच्या गळ्यात पडणार होते, पण व्याही म्हणाले, आधी पार्सल. करडा माणूस! चाँदभाईंनी टोपली पुढं केली. टोपलीतला माल मी रोज बदलत होते, तेव्हा खेकडे अगदी ताजे आणि रागावलेले. चाँदभाई म्हणाले, "साहेब, हात जपून." पण पाटल्या काढताना कोण हात जपतो? व्याहीबुवांनी पाल्यात मनगटापर्यंत हात घातला. गंगूनं बांधलेलं एक गवत सुटलेलं होतं. (मी सोडलेलं नाही. शपथ घालू नका, पण सोडलेलं नाही.) पुढं जे झालं त्यात तुमच्या यजमानांचा फेटा एकीकडे, ते दुसरीकडे आणि खेकडा त्यांच्या अंगठ्याला. आमची सगळी पेठ त्यांना निरनिराळे उपाय ओरडून सांगत होती. शेवटी सखूनं पदर खोचला, पुढं होऊन खेकडा पाठीमागून धरला आणि नांगी सोडवली. लहानपणापासून ओढ्यात वाढलेली पोर. आणि हसली. इतकी हसली की व्याहीबुवा अंगठा चोखता चोखता तिच्याकडे बघतच राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाच महिने झाले, पोर आमच्या घरात अशी हसली न्हाई."

मग त्यांनी विचारलं, तो मला चावणारा कोणता? मी दाखवला. म्हणाले, त्याला आधी शिजवा. तुमच्या घरी असला सरपटता जिन्नस कधी शिजत नाही, हे मला ठाऊक आहे, पण सूड तो सूड. व्याही सूड घ्यायला पाटावर बसले. किती खेकड्यांवर सूड घेतला ते लिहू नका असं त्यांनी मला सांगितलं आहे, म्हणून लिहीत नाही. एवढंच सांगते की गंगूला संध्याकाळी परत ओढ्यात उतरावं लागलं. सखू चुलीपुढं माझ्या शेजारी बसली, मी भाकरी टाकत गेले, ती खात गेली. जेवणानंतर तिचं डोकं मांडीवर घेऊन तेल घातलं. मला आणखी काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी व्याहीबुवा स्वतः दवाखान्यात जाऊन नर्सबाईंना भेटून आले, खाटा मोजून आले, ओढ्याला पाणी आलं तर काय हेही विचारून आले. (दवाखाना ओढ्याच्या अलीकडे आहे, हे मी तुम्हाला ज्येष्ठातच कळवलं असतं, पण तुम्ही विचारलं नाहीत.) नर्सबाईंनी सखूला तपासलं, सगळं उत्तम आहे म्हणाल्या. घरी येऊन व्याहीबुवांनी फेटा खुंटीला लावला आणि जाहीर केलं, "बाळंतपण हितंच. माझा शब्द." आमच्या यांनी लगेच त्यांचंही बरोबर आहे असं म्हटलं. या वेळी मीही म्हटलं.

तेव्हा विहीणबाई, पार्सल सुटलं. तुम्ही म्हणालात तसंच मी केलं. माहेरचं सगळं पाठवून पाहिलं, गेलं नाही, म्हणून घेणारीला आणलं. पाटीवरचं माझं नाव चाँदभाईंनी पुसलं आहे. माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही, तुमच्याही मनात काही राहू नये. चुकलंमाकलं पोटात घालावं. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गाईला चारा.

तुमची विहीण,
रत्नाबाई

ता. क. : व्याहीबुवा अमावास्येपर्यंत राहतो म्हणतात. एकदा श्रावण लागला की निघतील. त्यांची बंडी, दुसरं धोतर आणि अंगठ्याला लावायचं ते तुमचं मलम पाठवून द्यावं. पोस्टमास्तर म्हणाले, कपडे आणि मलम पार्सलनं बिनदिक्कत जातं. मांजरपाट घट्ट शिवा.

आणखी ता. क. : हे लिहायचं नव्हतं, पण सखू ऐकत नाही. कालपासून तिला नवीन डोहाळा लागला आहे. आत्याबाईंच्या, म्हणजे तुमच्या, हातचं हुलग्याचं माडगं हवं! मी हुलगे भाजले, दळले, गूळ घालून केलं. एक घोट घेतला आणि म्हणते, चांगलं आहे, पण आत्याबाई करतात तसं नाही. मला काय वाटलं असेल ते तुम्हीच ओळखा. तुम्ही तिला रोज पहाटे उठून ते करून देत होता, हे तिनं मला कधी लिहिलं नव्हतं. आज सकाळी मान खाली घालून पोस्टात गेले आणि विचारलं. माडगं पातळ, जात नाही. तेव्हा तुम्हालाच यावं लागेल. पाणी न पिण्याची रीत मुलीच्या आईला आहे, मुलाच्या आईला नाही. पाहिजे तितकं पाणी प्या, बाळंतपण होईस्तोवर राहा. वाफ घ्यायला ओवा इथंही आहे.

शेवटचं : नातवंडासाठी चांदीचे वाळे करून ठेवले आहेत. ते पार्सलनं जातात, मी विचारून घेतलं. पण पाठवणार नाही.